आमची टीम भोपाळला नेण्याबाबत

आमची फुटबॉलची टीम भोपाळला जाऊ शकेल की नाही, हे ठरवायचा अधिकार पाच माणसांना होता. त्यांतल्या चौघांनी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नव्हता. पाचव्यांनी एकदा लावला होता, आणि तेव्हापासून त्यांचा गुडघा दुखत असे. हे पाचवे म्हणजे आमचे सरदारसाहेब, आमच्या टीमचे मालक.

मालक हा शब्द तेव्हा कुणाला खटकत नसे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात पाच टीमा होत्या, पाचांचे पाच मालक होते, आणि त्या मालकांची मिळून लीग होती. खेळाडूंना लीगमध्ये काही स्थान नव्हतं. ते फक्त खेळत.

आमची टीम सरदारसाहेबांच्या वडिलांनी संस्थानच्या काळात काढली. घोडे, हत्ती आणि गवई इतर सरदारांकडे आधीच होते, म्हणून त्यांनी फुटबॉल निवडला असं म्हणत. पुढे सरदारसाहेबांनी ती चालवली. एखादा मुलगा चांगला खेळताना दिसला की ते आमच्या सरकारी खात्यात शब्द टाकत आणि तो मुलगा तिथे कारकून होई. मीही तसाच लागलो. मी गोलकीपर होतो. मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला गेला, उंची किती?

मग संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत नावाचं राज्य झालं. त्याचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला राहायचं. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, कारण आमची लीगही हिवाळ्यातच होती. सरदारसाहेबांची जहागीर गेली, शब्द टाकायची सोय गेली, टीम तेवढी राहिली. रोज संध्याकाळी ते टांग्यातून किल्ल्याच्या पायथ्याच्या मैदानावर येत, मधल्या रेषेजवळ वेताच्या खुर्चीत बसत आणि खेळ संपला की म्हणत, "छान झालं." आम्ही हरलो तरी हेच म्हणत. ऑफसाइड म्हणजे काय हे आम्ही त्यांना पुष्कळदा समजावलं. ते मान डोलावत आणि पुढच्या सामन्यात पुन्हा विचारत, "आता ह्याने काय केलं?"

त्यानंतर राज्यांची पुन्हा मांडणी झाली. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला आणि राजधानी भोपाळ ठरली. महाराज बाड्याच्या चौकात चहा पिणारे लोक दुसरं काही बोलेनासे झाले. कुठलं खातं जाणार, कुठलं राहणार, कुणाची बायको जायला तयार आहे, कुणाची नाही. ग्वाल्हेरची समजूत काढायला काही कचेऱ्या इथेच ठेवल्या होत्या. आमचं खातं त्यांत नव्हतं. टीममधले दोघे सोडले तर बाकी सगळे त्याच खात्यात होतो, म्हणजे टीम जवळजवळ अख्खीच चालली होती.

आमचा कप्तान माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. सेंटर हाफ खेळायचा. त्याचे वडील सरदारसाहेबांच्या पागेत स्वार होते. ते लवकर गेले, तेव्हापासून ह्याचं शिक्षण, मुंज, नोकरी, सगळं सरदारसाहेबांनी पाहिलं. कप्तान त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसला नाही. ते "बस रे" म्हणत आणि हा "हो साहेब" म्हणून उभाच राहत असे. मैदानावर मात्र तोच आम्हा सगळ्यांचा साहेब होता. माझ्या हातून चेंडू सुटला तर तो काही बोलत नसे, नुसता बघत असे. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

खातं जाणार हे पक्कं झालं तेव्हा कप्तान म्हणाला, "आपण जाऊन राहिलो, तर टीमपण जाईल. नाव तेच, रंग तोच. लीग इथलीच खेळू. अर्धे सामने आपण इथे येऊन खेळायचे, अर्धे त्यांनी तिकडे यायचं. गाडी आहे ना भई, सरळ जाते."

मी म्हणालो, "भोपाळला फुटबॉल कोण बघेल? ते हॉकीचं गाव."

"बघायला लागतील," तो म्हणाला. "सवय होते."

ही कल्पना त्याने सरदारसाहेबांना सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भोपाळला मैदान कुठे आहे ते विचारलं, तिथली माती कशी आहे तेही विचारलं. मग म्हणाले, "अर्ज लिहून आण, मी सही करतो." कप्तानाने त्याच दिवशी अर्ज लिहून आणला आणि त्यांनी सही केली.

लीगचा नियम असा होता की एखाद्या टीमला आपलं ठिकाण बदलायचं असेल तर सर्व मालकांची संमती हवी. बहुमत नाही, सर्व. हा नियम केला तेव्हा ठिकाण बदलणं म्हणजे ह्या मैदानावरून त्या मैदानावर जाणं एवढंच कुणाच्या डोक्यात असणार. कप्तान म्हणाला, "चार जणांना भेटायला लागेल." पाचवे आमचेच होते. त्यांना भेटण्याचा प्रश्नच नव्हता.

मी घरी आलो आणि बायकोला हे सांगितलं. आम्ही दौलतगंजात दोन खोल्यांत राहायचो. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे टीम कुठे जाणार हे पाच मालक ठरवणार?"

"हो."

"आणि आपण कुठे जाणार?"

"तेही त्यावरच आहे थोडंसं."

"मला नाही कुणी मालकाने विचारलं," ती म्हणाली आणि पुढची वही घेतली.

तिची नोकरी इथे होती, आई इथे होती. भोपाळला शाळा असतीलच, पण तिला कुणी तिथे बोलावलेलं नव्हतं. मला स्वतःला काय हवं होतं ते मला नीट सांगता आलं नसतं. कप्तान "चल" म्हणाला की मी जायचो, हे इतकी वर्षं चालत आलं होतं. म्हणून मी त्याच्याबरोबर चार मालकांकडे गेलो.

पहिले शेठजी. कापडाचे व्यापारी, लीगचे अध्यक्ष, दुकान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यांची टीम दर वर्षी दुसरी यायची आणि आमची पहिली. आम्ही जाणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी नोकराला कचोरी आणायला पाठवलं. कचोरी येईपर्यंत ते विचार करत बसले आणि चेहरा पुन्हा पडला.

"तुम चले जाओगे तो हम पहले आएँगे," ते म्हणाले.

"जी," कप्तान म्हणाला.

"लेकिन किसको हराके?"

कप्तानाने समजावलं की आम्ही जाणार असलो तरी लीग सोडणार नाही, दर हिवाळ्यात येऊ, आम्हाला हरवण्याची संधी त्यांना राहील. शेठजींना ते पटलं. शिवाय त्यांच्या सासुरवाडीचे कुणी भोपाळला होते, तिथे जायला सामन्याचं निमित्त होईल. "हमारी तरफ़ से हाँ," ते म्हणाले. कचोरी संपेपर्यंत त्यांनी आम्हाला उठू दिलं नाही.

दुसरे ठेकेदार. त्यांच्याकडे आम्ही भीत भीत गेलो, कारण त्यांचं आणि सरदारसाहेबांचं एका पेनल्टीवरून बोलणं बंद होतं. त्यांनी आमचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. भोपाळला सरकारी घरं बांधायची होती आणि त्यांतली काही त्यांना मिळाली होती. "मैं ख़ुद जा रहा हूँ," ते म्हणाले. "मेरी टीम भी ले जाऊँगा. पूरा ग्वालियर जाएगा, देख लेना." त्यांची टीमही जाणार असेल तर मग लीग कुठली, असा प्रश्न माझ्या मनात आला. कप्तानाने मला कोपर मारलं. आम्ही नमस्कार करून निघालो.

तिसरे कर्नलसाहेब. जुन्या संस्थानी फौजेतले. ती फौज भारतीय सैन्यात मिळाली आणि त्यांची पलटण दूर कुठे तरी गेली, तेव्हा ते पेन्शन घेऊन घरी बसले. त्यांनी आम्हाला दारातच विचारलं, "हुकूम आलाय का जायचा?"

"खात्याला आलाय," कप्तान म्हणाला.

"मग प्रश्न काय? पलटण जाते तिथे निशाण जातं. हो म्हणून लिहा." एवढं बोलून ते आम्हाला आत घेऊन गेले आणि आपली पलटण निघाली त्या दिवसाची हकीकत सांगायला बसले. घोडे कसे चढवले, बँड कुठपर्यंत आला, स्टेशनवर कोण कोण होतं. मध्येच थांबून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग आम्हाला वाटेला लावलं.

चौथे छापखान्याचे मालक, नई सडकेवर. लीगचे नियम त्यांनीच छापले होते आणि ते पाठ असलेले ते एकटेच होते. त्यांनी चष्मा लावला, नियम वाचला, चष्मा काढला. "सर्व मालकांची संमती," ते म्हणाले. "मी एकटा आधी हो म्हणालो तर ती सर्वांची होत नाही."

"बाकीचे म्हणालेत," मी सांगितलं.

"मग माझंही हो धरा. पण सगळ्यांचं झाल्यावर धरा."

बाहेर पडल्यावर कप्तान मोठ्याने हसला. त्याला मी असा क्वचित पाहिला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने तिळाची गजक घेतली, अर्धी मला दिली आणि चालता चालता भोपाळच्या मैदानावर गोल कुठल्या दिशेला ठेवायचे ह्याबद्दल बोलू लागला. सूर्य माझ्या डोळ्यांवर येऊ नये एवढी काळजी त्याने घेतली होती.

सभा शेठजींच्या दुकानाच्या माडीवर भरली. दुपारची वेळ होती. गादीवर पांढरी चादर, लोड, मध्ये कचोरीचं ताट. चौघे मालक मांडी घालून बसले. सरदारसाहेबांना गुडघ्यामुळे खुर्ची दिली होती, त्यामुळे ते सगळ्यांच्या वर दिसत होते आणि त्याचा त्यांना संकोच वाटत होता. कप्तान आणि मी दाराजवळ उभे होतो. आम्हाला बसायला कुणी सांगितलं नाही, विसरले असतील.

छापखान्याच्या मालकांनी अर्ज वाचून दाखवला. शेठजींनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. ठेकेदार "हाँ" म्हणाले. कर्नलसाहेब "हो" म्हणाले. छापखान्याचे मालक म्हणाले, "मी शेवटी." शेठजींनी स्वतःचं "हाँ" स्वतःच सांगितलं. मग सरदारसाहेबांकडे पाहून नुसती मान हलवली, कारण तिथे विचारण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणाले, "तो फिर..."

"नाही," सरदारसाहेब म्हणाले.

शेठजींना वाटलं त्यांना कचोरी नको आहे. त्यांनी ताट मागे घेतलं.

"माझं मत नाही असं आहे," सरदारसाहेब म्हणाले. एरवी शेठजींशी ते हिंदीत बोलत. त्या दिवशी मराठीत बोलले. शेठजींचा जन्म लश्करातला, त्यांना मराठी आमच्याइतकीच समजायची. तरी ते क्षणभर बघत राहिले.

"सरदारसाहब, अर्ज़ी तो आप ही की है."

"आहे."

"नीचे दस्तख़त भी आप ही के हैं."

सरदारसाहेबांनी अर्ज हातात घेऊन पाहिला. "माझेच आहेत," ते म्हणाले.

"फिर?"

"मुलांना जायचं होतं, म्हणून मालक ह्या नात्याने मी अर्ज केला. आता तुम्ही सभासद म्हणून मला विचारताय. तर नाही."

ठेकेदार म्हणाले की असं करता येत नाही. सगळ्यांनी छापखान्याच्या मालकांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा लावला, नियम पुन्हा वाचला आणि सांगितलं की करता येत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आता माझं मत देण्याची गरज उरली नाही." त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मी कप्तानाकडे पाहिलं. तो सरदारसाहेबांकडे बघत होता, माझ्या हातून चेंडू सुटल्यावर माझ्याकडे बघायचा तसा. सरदारसाहेब चादरीकडे बघत होते. कप्तान वळला आणि जिना उतरून गेला. चप्पल त्याने हातातच घेतली होती, ती रस्त्यावर जाऊन घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. रात्री झोपला नव्हता हे दिसत होतं. "चल," तो म्हणाला. मी गेलो.

सरदारसाहेब आपल्या राहत्या कोठीच्या व्हरांड्यात बसले होते. कप्तान आत शिरला आणि न सांगता समोरच्या खुर्चीवर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सरदारसाहेबांनीही ते पाहिलं. मी खांबाशी उभा राहिलो.

"साहेब, का?" कप्तान म्हणाला.

"अर्जावर सही केली तेव्हा मी हो म्हणणार होतो," ते म्हणाले. "जिना चढेपर्यंत हो म्हणणार होतो. खरं सांगतो."

"मग?"

"शेठजी एकेकाला विचारत आले ना. ते बघता बघता मला वाटलं, मला असं कधी कुणी विचारलंच नाही. संस्थान विलीन केलं तेव्हा कागद आला, खाली सही करा. जहागिरीचा कागद आला, सही करा. राजधानी गेली ती तर मी सकाळी चहा पिताना ऐकली. बरोबर असेल ते सगळं. मी चूक म्हणत नाही. पण विचारलं कुणी नाही. काल पहिल्यांदा माझा नंबर आला आणि सगळे थांबून माझ्या तोंडाकडे बघत होते. तोंडातून नाही आलं."

"तुमच्या तोंडातून आलं," कप्तान म्हणाला, "आणि टीम माझी मोडली."

"टीम आहे. ती कुठे मोडली?"

"टीम म्हणजे काय साहेब? आम्ही अकरा जण. आम्ही तर जाऊन राहिलो."

"मला माहीत आहे."

"मग इथे राहणार कोण?"

"मी," सरदारसाहेब म्हणाले.

नोकर चहा घेऊन आला, तीन कप. कप्तान उठला. त्याने वाकून त्यांना नमस्कार केला, अगदी नेहमीसारखा, आणि चहा न घेता निघाला. सरदारसाहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तू घेतोस ना?" मी घेतला. नाही म्हणायचं मला सुचलं नाही. साखर जास्त होती.

त्यानंतर कप्तान त्यांच्याकडे गेला नाही. खात्याचं सामान बांधणं सुरू झालं. त्याच सुमारास मला कळलं की इथे राहणाऱ्या एका कचेरीतल्या कारकुनाला भोपाळला जायचंय, त्याची सासुरवाडी तिकडे. दोघांनी मिळून अर्ज केला तर आपसात बदली होत असे. मी बायकोला विचारलं, "करू का?"

ती म्हणाली, "मला विचारताय?"

"हो."

"मग करा."

मी केला आणि तो मंजूर झाला. कप्तानाला सांगायला मी दोन दिवस लावले. त्याने ऐकलं, थोडा वेळ माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "तिकडे गोलकीपर बघायला लागेल." एवढंच. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

तो निघाला त्या दिवशी सरदारसाहेबांनी आपला टांगा त्याच्या दाराशी पाठवला. कप्तान म्हणाला, नको, परत पाठव. त्याची बायको ट्रंकेवर बसली होती. तिने आधी ट्रंकेकडे आणि मग स्टेशनच्या दिशेला पाहिलं. टांगा राहिला. मी स्टेशनपर्यंत गेलो. गाडी सुटताना कप्तान खिडकीतून म्हणाला, "कॉर्नरला पुढे येऊ नकोस. तुझी ती खोड आहे."

आता टीमचं नाव, रंग, लीगमधली जागा आणि मालक ग्वाल्हेरला होते, आणि खेळाडू भोपाळला. सरदारसाहेबांनी मला कप्तान केलं. आमचे मागे राहिलेले दोघे होतेच, बाकी माणसं मी गोळा केली. कॉलेजची काही मुलं, एक कंपाउंडर, एक सायकल दुरुस्त करणारा, दोन हॉकीवाले. हॉकीवाल्यांना चेंडू दिसला की ते वाकत. त्या हिवाळ्यात आम्ही प्रत्येक सामना हरलो. प्रत्येक वेळी सरदारसाहेब म्हणाले, "छान झालं." ठेकेदारांनी आपली टीम भोपाळला नेली नाही. त्यांना तिथे खेळापुरताही वेळ नव्हता. शेठजींची टीम पहिली आली. दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः कोठीवर आले, तोंड पाडून बसले आणि म्हणाले, "मज़ा नहीं आया, सरदारसाहब."

पुढच्या वर्षी सरदारसाहेब मला म्हणाले, "त्यांना खेळायला बोलाव. लीगचं नाही, असंच." मी निरोप पाठवला. येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. कप्तानाने भोपाळला खात्याची वेगळी टीम काढली होती, आमचेच जुने गडी आणि तिथले तीन-चार जण. रंग वेगळा होता. मैदानावर उतरल्यावर तो आधी गोलच्या जाळ्याशी गेला, दोऱ्या ओढून पाहिल्या आणि मला म्हणाला, "हे कुणी बांधलं?" मी म्हणालो, "मी." त्याने ते सोडून पुन्हा बांधलं.

सामना एकतर्फी झाला. त्यांनी आम्हाला चार गोल मारले, त्यांतला एक कॉर्नरवर, मी पुढे आलो असताना. प्रत्येक गोलला सरदारसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या कंपाउंडरला ते आवडलं नाही. त्याने मला विचारलं, "हे आपले मालक आहेत की त्यांचे?" मी म्हणालो, "विचार करू नकोस, मागे ये."

खेळ संपल्यावर कप्तान खुर्चीपाशी गेला. मी जवळच होतो. त्याने नमस्कार केला.

"छान झालं," सरदारसाहेब म्हणाले.

"हो साहेब."

"तिसऱ्या वेळी शिट्टी का वाजली? त्याने काय केलं होतं?"

कप्तान त्यांच्या खुर्चीशी गवतावर बसला. काडीने मातीत रेघा काढून त्याने ऑफसाइड समजावलं, पहिल्यापासून, सावकाश. सरदारसाहेब वाकून बघत होते. मैदान रिकामं झालं, टांगेवाला दोनदा येऊन उभा राहून गेला. शेवटी सरदारसाहेब म्हणाले, "समजलं." मग थोडं थांबून, "चुकलं माझं त्या दिवशी, असं तुला वाटतं का?"

"वाटतं," कप्तान म्हणाला.

"बरं," सरदारसाहेब म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, कप्तानाने त्यांना धरून उठवलं आणि दोघे टांग्यातून कोठीवर जेवायला गेले. आम्ही बाकीचे मागून सायकलींवर गेलो.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही कप्तानाच्या टीमशी खेळायला भोपाळला गेलो, आणि सरदारसाहेब आमच्याबरोबर आले. ते ग्वाल्हेर सोडून कुठे जातील असं कुणालाच वाटलं नव्हतं. आमच्याच डब्यात बसले, हॉकीवाल्यांच्या मध्ये. झाशी येईपर्यंत गुडघा लांब करून बाहेर बघत होते, मग झोपले. भोपाळला कप्तानाने त्यांच्यासाठी कचेरीतली साहेबांची खुर्ची मैदानावर आणून ठेवली होती. मैदान एका बाजूला उतरतं होतं. आम्ही खालच्या बाजूने खेळून एक गोल मारला. कसा मारला ते मारणाऱ्यालाही सांगता आलं नाही. वरच्या बाजूला गेल्यावर मी ती आघाडी टिकवली. आमच्या नव्या टीमचा तो पहिला विजय. कॉलेजच्या मुलांनी सरदारसाहेबांना खुर्चीसकट उचललं. ते सारखे म्हणत होते, "अरे, गुडघा, गुडघा."

रात्री कप्तानाच्या सरकारी घरात पंगत बसली. त्याच्या बायकोने वरणफळं केली होती. तिने सरदारसाहेबांना विचारलं, "कसं वाटलं आमचं भोपाळ?" आमचं म्हणाली. मी कप्तानाकडे पाहिलं, त्याला त्यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

सरदारसाहेबांनी घास गिळला. "चढ-उतार फार आहेत," ते म्हणाले. "पण पाणी चांगलं आहे."

मी घरी परतलो तेव्हा बायको शाळेत निघाली होती. तिने दारातच विचारलं, "जिंकलात?"

"हो."

"अरे वा," ती म्हणाली. "कुणाशी?"